अंगणातील भाजी व ऋतुक्रम

चतुर्थीच्या माटोळीस विकतची दोडकी बांधताना मन खट्टू होते. घरची हवी, तर नवशिक्याने प्रथम एकच वाफा करावा. पेडणे-डिचोलीच्या पावसात सपाट जमिनीत बी कुजते. आमचे पहिले बी असेच गेले. यास्तव मृगाच्या आरंभी वीतभर उंच गादीवाफा करून सात शिरांची भेंडी पेरावी. दोडकी व काकडी मांडवावर चढवावी. दीड-दोन महिन्यांत फळ धरते. पाऊस ओसरल्यावर सपाट वाफ्यात तांबडी भाजी व मुळा पेरावा; तांबडी भाजी महिन्याभरात काढणीस येते. उन्हाळ्यात विहिरीकाठी अळू राखावे. प्रत्येक हंगामी एक निरोगी झाड बियाण्यासाठी सोडावे. ते खाऊन टाकले, तर पुढील चतुर्थीस पुन्हा बाजारच गाठावा लागेल.