पहिल्या वर्षाचा खरा खर्च : बारावीनंतर पुण्यात शिकायला येणाऱ्यांसाठी

बारावीचा निकाल लागला की घरात पहिला प्रश्न येतो, ‘फी किती?’ प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. तालुक्याच्या गावातून पुण्यात अभियांत्रिकीला किंवा तशाच व्यावसायिक अभ्यासक्रमाला येणाऱ्या मुलाच्या पहिल्या वर्षात कॉलेजची फी हा खर्चाचा एक भाग असतो. राहणं-जेवण, अनामत, साहित्य, येणं-जाणं हा दुसरा भाग, आणि बऱ्याच घरांत तोच जास्त भरतो. शिवाय वेळेवर न काढलेल्या एखाद्या दाखल्यापायी हातची सवलत निसटते, तेव्हा त्याची किंमत या सगळ्यापेक्षा मोठी असते. म्हणून हा हिशेब निकालानंतर मांडण्याऐवजी बारावीच्या वर्षातच मांडायला घ्या.

कागदपत्रं : कमी पैशांची, पण सर्वांत महागात पडणारी

वय-अधिवास-राष्ट्रीयत्व दाखला म्हणजे डोमिसाईल, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि आधार हे सगळ्यांना लागतं. राखीव जागेसाठी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि प्रवर्गानुसार नॉन-क्रिमीलेयर. आर्थिक दुर्बल घटकाच्या जागेसाठी ईडब्ल्यूएस दाखला. अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा सेवा केंद्रात करता येतो. केंद्रातलं शुल्क ठरलेलं असतं आणि त्याचा तक्ता दर्शनी भागात लावलेला असायला हवा. त्यापेक्षा जास्त मागितलं तर पावती मागा.

जात, उत्पन्न, रहिवास आणि नॉन-क्रिमीलेयर या दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही जून-जुलैत कितीतरी पालक तहसील कचेरीबाहेर ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर घेऊन रांगेत उभे दिसतात. तो खर्च करू नका.

दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहा. पहिली, नॉन-क्रिमीलेयरची मुदत. प्रवेश ज्या आर्थिक वर्षात होतो, ते ज्या ३१ मार्चला संपतं, तिथपर्यंत तो वैध असावा लागतो. दुसरी, नमुना. राज्याच्या प्रवेशासाठी राज्याच्या नमुन्यातला दाखला चालतो. आयआयटी, एनआयटीसारख्या केंद्रीय संस्थांसाठी केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो. जात वैधतेचा अर्ज अकरावीतच, कॉलेजमार्फत करून ठेवा. समितीकडे कागदपत्रांची तपासणी होते, तिला वेळ लागतो आणि जून महिना कुणासाठी थांबत नाही.

परीक्षा आणि अर्ज

२०२५ साली एमएचटी-सीईटीच्या एका गटाचं शुल्क खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये आणि राखीव प्रवर्गाला ८०० रुपये होतं. त्याच वर्षी नीटसाठी खुल्या प्रवर्गाला १,७००, ओबीसी व ईडब्ल्यूएसला १,६०० आणि अनुसूचित जाती-जमातींना १,००० रुपये भरावे लागले. सीईटीनंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, नोंदणीचं वेगळं शुल्क असतं आणि जागा मिळाल्यावर ती पक्की करताना अभियांत्रिकीला १,००० रुपये भरावे लागतात. परीक्षा केंद्र दुसऱ्या शहरात आलं तर प्रवास आणि एखादा मुक्काम धरा. एवढ्या टप्प्यासाठी ५ ते ७ हजार रुपये बाजूला काढलेले असावेत.

पसंतीक्रम भरून देण्याचे हजारो रुपये घेणारे सल्लागार याच दिवसांत गल्लोगल्ली दिसू लागतात. मागील वर्षांचे कटऑफ सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मोफत असतात. ते घेऊन बारावीच्या कॉलेजातल्या शिक्षकांबरोबर दोन संध्याकाळी बसलात, तर यादी तुमची तुम्हाला नीट करता येते.

कॉलेजची फी : पावतीवरच्या ओळी वाचा

खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि प्रत्येक कॉलेजचा मंजूर आकडा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असतो. कॉलेजच्या काउंटरवर जाण्याआधी तो पाहून जा. त्यापलीकडे ‘देणगी’ मागणं १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

फीच्या आकड्यात दोन मुख्य ओळी असतात : शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क. सवलतीचा सगळा खेळ या दोन ओळींत आहे. समजा, शिक्षण शुल्क १ लाख आणि विकास शुल्क १० हजार आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला शिक्षण शुल्कात ५० टक्के सवलत मिळते. म्हणजे ५० हजार अधिक विकास शुल्काचे १० हजार, असे ६० हजार त्याने भरायचे. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत आहे. त्याच कॉलेजात अशा मुलीला १० हजार भरावे लागतील. दोघांनाही विद्यापीठाचं शुल्क, ग्रंथालय-प्रयोगशाळेची अनामत वगैरे किरकोळ रकमा वेगळ्या. ‘मुलींना शिक्षण मोफत’ एवढंच ऐकून रिकाम्या हाताने येऊ नका, आणि पूर्ण फी आधी भरा असं कुणी म्हटलं तर शासनाचा ८ जुलै २०२४ चा निर्णय दाखवा.

एक अट फार महत्त्वाची आहे. ही सवलत कॅपमधून मिळालेल्या प्रवेशाला आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या जागेला ती लागू होत नाही. ‘थोडं चांगलं कॉलेज’ म्हणून कोट्यातली जागा घेताना चारही वर्षांची पूर्ण फी डोळ्यांसमोर ठेवा.

राहणं आणि जेवण

कॉलेजचं वसतिगृह मिळालं तर पहिल्या वर्षी तेच घ्यावं. नाही मिळालं तर कॉट बेसिस. पुण्यात एका कॉटला भाग आणि खोलीतली डोकी पाहून महिना साधारण ४ ते ७ हजार रुपये पडतात, अनामत एक ते दोन महिन्यांची. मेसला दोन वेळच्या जेवणाचे ३ ते ४ हजार. नाश्ता-चहा हजार ते दीड हजार. पीएमपीचा विद्यार्थी पास महिना ७५० रुपये. मोबाइल, झेरॉक्स, साबण-तेल यांना साडेसातशे ते सव्वा हजार. बेरीज केली तर महिना साडेनऊ ते साडेचौदा हजार, म्हणजे दहा महिन्यांचे ९५ हजार ते १ लाख ४५ हजार. मेट्रोने जाणाऱ्या विद्यार्थ्याला तिकिटात ३० टक्के सवलत आहे, आणि गावी जाताना एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे मुलींचा प्रवासखर्च त्या हिशेबाने धरा.

खोली बघायला सकाळी सातच्या सुमाराला जा. नळाला पाणी किती वेळ येतं, सहा जणांत संडास-बाथरूम किती, अंघोळीला गरम पाणी मिळतं का, हे त्या वेळी आपोआप दिसतं. मग विचारा : लाइट बिल भाड्यात की वेगळं? सोडून जायचं तर किती दिवस आधी सांगायचं? अनामतीतून रंगकाम किंवा साफसफाईचे पैसे कापता का? उत्तरं करारात लिहून घ्या. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी बंधनकारक आहे आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे. वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी पुढे हाच करार उपयोगी पडतो, म्हणून ‘पोरंच तर आहेत, करार कशाला’ हे ऐकून घेऊ नका.

मेस लावताना चव तर बघालच, पण खाड्याचा नियमही विचारा. काही ठिकाणी सलग तीन दिवस नसलात तरच खाडा धरतात, काही ठिकाणी आदल्या दिवशी सांगावं लागतं, काही ठिकाणी खाडा मिळतच नाही. दिवाळीत आणि परीक्षेनंतर मुलं गावी जातात, तेव्हा यात शेकडो रुपयांचा फरक पडतो. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी सुट्टी ही बहुतेक मेसची रीत आहे. त्या संध्याकाळच्या जेवणाचे पैसे महिन्याच्या हिशेबात घाला. पहिल्या महिन्यात तीन महिन्यांचे पैसे एकदम भरू नका.

निर्वाहाच्या योजना

सगळे अर्ज बहुतांशी महाडीबीटी पोर्टलवर होतात आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. बँक खातं मुलाच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं, नाहीतर मंजूर झालेली रक्कमही अडकून पडते.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी शासकीय वसतिगृह हा पहिला पर्याय : राहणं-जेवण मोफत. तिथे जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. पुण्या-मुंबईसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला भोजनाचे ३२ हजार, निवासाचे २० हजार आणि निर्वाहाचे ८ हजार, असे ६० हजार रुपये मिळतात. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. वरच्या खर्चाशी ताडून पाहिलं तर साधारण निम्मा भार उचलला जातो. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आणि शाहू महाराज शिष्यवृत्तीस पात्र असलेल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. पैसे बहुधा उशिरा जमा होतात. म्हणून पहिल्या सहा महिन्यांची सोय त्यांच्यावर विसंबून ठेवू नका.

सरकारी योजनांपलीकडे पुण्याची स्वतःची परंपरा आहे. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण भागातल्या गरजू मुला-मुलींना अल्प खर्चात ठेवून घेते. मुलं तिथे कामात हातभार लावतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची ‘कमवा आणि शिका’ योजना संलग्न कॉलेजांत चालते. तासाच्या हिशेबाने मानधन मिळतं आणि काम कॉलेजच्या आवारातच असतं. त्यात नाव देताना संकोच करू नका. या वाटेने शिकून मोठी झालेली माणसं महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत.

पुस्तकं, साहित्य, लॅपटॉप

पहिल्या आठवड्यात यादी हातात पडते आणि मुलं सगळं नवं घेऊन टाकतात. थांबा. ड्राफ्टर, एप्रन, सायंटिफिक कॅल्क्युलेटर हे दोन-अडीच हजारांत होतं. ड्राफ्टर तर वरच्या वर्गातल्या मुलांकडे निम्म्या किमतीत मिळतो, कारण वर्ष संपलं की तो पडूनच असतो. पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात. आधी कॉलेजच्या ग्रंथालयाची कार्डं काढा आणि बुक बँक आहे का ते विचारा.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर अभियांत्रिकीची पुस्तकं मराठीतही मोफत आहेत. इंग्रजी पुस्तकाशेजारी ती ठेवून वाचली तर पहिल्या सत्रातली घुसमट पुष्कळ कमी होते. स्वयम आणि एनपीटीईएलचे अभ्यासक्रम मोफत ऐकता येतात. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क. अकरावी-बारावीचं गणित कच्चं असेल तर ई-बालभारतीवरची पुस्तकं घेऊन सुट्टीत एकदा फिरवा. पहिल्या वर्षाचं गणित मागे राहिलं की पुन्हा परीक्षेची फी आणि क्लासची फी, दोन्ही मागे लागतात.

लॅपटॉप पहिल्या दिवशी लागतोच असं नाही. संगणक शाखेला लवकर, इतरांना कॉलेजची प्रयोगशाळा पहिलं सत्र पुरते. शाखा पक्की झाल्यावर शिक्षकांना विचारून घ्या; साधारण ४० हजारांत चालण्याजोगा मिळतो. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना मोफत आहेत, लिब्रे ऑफिस सगळ्यांनाच मोफत आहे.

सबमिशनच्या आठवड्यात कॉलेजबाहेरच्या दुकानांत तयार जर्नल आणि प्रोजेक्ट विकत मिळतात. तो पैसा दोनदा जातो : एकदा दुकानात, दुसऱ्यांदा तोंडी परीक्षेत. दर आठवड्याचं प्रॅक्टिकल त्याच आठवड्यात लिहा.

प्रवेश रद्द केला तर

यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या नियमांनुसार, प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी रद्द केल्यास पूर्ण फी परत मिळते; प्रक्रिया शुल्क म्हणून फीच्या ५ टक्क्यांपर्यंत, पण ५,००० रुपयांपेक्षा जास्त कापता येत नाही. त्या तारखेच्या आधीच्या १५ दिवसांत ९० टक्के, नंतरच्या १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के. पुढे काही नाही. प्रवेशाचं वेळापत्रक लांबतं तेव्हा यूजीसी त्या वर्षापुरती अधिक सवलतही देते : २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा होता. मूळ कागदपत्रं पडताळून परत द्यायची असतात, अडकवून ठेवता येत नाहीत. तक्रार यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर करता येते. रद्दचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

कर्ज काढायचं असेल तर

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण आणि स्वतःचा हिस्सा लागत नाही; साडेसात लाखांपर्यंत सरकारची पतहमी असते. अभ्यासक्रम आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र चढत राहतं. जमेल तसं ते भरलंत तर शेवटचा बोजा हलका होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतल्या प्रवेशाला विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. आपलं कॉलेज यादीत आहे का, ते आधी पाहा. सावकाराकडे जाण्याआधी किमान दोन सरकारी बँकांत लेखी अर्ज द्या.

घरात बोला

हा सगळा हिशेब एका वहीत मांडा आणि ती मुलासमोर उघडा. शेतीच्या उत्पन्नातून किती, कर्जातून किती, योजनेतून किती येणार आहे, हे त्याला आकड्यांत कळू द्या. मुलांपासून पैशाची ओढाताण लपवली की काहीजण बेफिकीर होतात आणि काहीजण अर्धपोटी राहून पैसे वाचवतात. दोन्हींचा फटका अभ्यासाला बसतो. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम त्याच्या खात्यात टाका, पावत्या त्याला जपायला सांगा आणि दिवाळीच्या सुट्टीत दोघं मिळून वही तपासा. पहिल्या सत्राचा खरा आकडा तेव्हा हातात येतो आणि दुसऱ्या सत्राची तजवीज करायला अजून वेळ असतो.