डोंबिवली स्टेशनवरची संख्या



परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांचे गणित चांगले असते, पण "एकोणऐंशी म्हणजे किती?" म्हटले की ती गोंधळतात. आमच्या घरीही तेच. म्हणून या सुट्टीत मी मुलांपुढे एक अस्सल मराठी संख्या ठेवली.

१२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१

ही सतरा अंकी संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. साधा कॅल्क्युलेटर येथे हात टेकतो, म्हणून कागदावरच गुणाकार करावा. एकेक घर सरकवत नऊ वेळा एक-एकच मांडायचे. मधल्या उभ्या ओळीत नऊ एक येतात, बेरीज ९, हातचा काहीच नाही! दहा एकांचा वर्ग केला की मात्र हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे बिघडते.

अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. डेम्लो म्हणजे आजचे डोंबिवली. त्या स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. त्यांच्या छंदाकडे अनेकांनी दुर्लक्ष केले. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिले आणि जगाला कापरेकर कळले. मोठी पदवी नाही, प्रयोगशाळा नाही; होती ती फक्त अंकांची आवड.

कापरेकरांची आणखी एक देणगी म्हणजे 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, संख्या. अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती हर्षद. आपल्या संख्येतील अंकांची बेरीज ८१. आता १११११११११ = ९ × १२३४५६७९, म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने नि:शेष भाग जातो. म्हणजे आपली संख्या डेम्लोही आणि हर्षदही!

वाचायची कशी? भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. आपल्या संख्येचा पहिला अंक सतराव्या, म्हणजे 'मध्य' या स्थानी येतो. परार्ध फक्त एक घर पुढे!

येथे कतारमध्ये रियालच्या नोटेवर जे अरबी अंक दिसतात, त्यांना अरबीत 'हिंदी अंक'च म्हणतात. अरबी लिपी उजवीकडून डावीकडे जाते, आपली डावीकडून उजवीकडे. ही संख्या मात्र कोणत्याही बाजूने वाचा, तीच राहते. दोन्ही लिपी रोज पाहणाऱ्या मुलांना याची विशेष गंमत वाटते.

बालमित्रांनो, आता तुमची पाळी. १, ११, १११ पासून नऊ एकांपर्यंतच्या संख्यांचे वर्ग करा. पहिला १ सोडला, तर आपल्या संख्येखेरीज त्यांत आणखी एकच हर्षद आहे. ती शोधा, आणि उत्तर आजी-आजोबांना फोनवर मराठीत वाचून दाखवा!