गाडीतील हॅम सेटची बैठक

हौशी रेडिओकेंद्राचा परवाना हाती आला, की मनुष्य प्रथम घरात सेट मांडतो, आणि पुढे कधी ना कधी तो गाडीत बसविण्याची इच्छा त्याच्या मनात उत्पन्न होते. ही इच्छा केवळ हौसेपोटी होत नाही. जानेवारी २००१ मध्ये कच्छच्या भूकंपाने दूरध्वनी बंद पाडले तेव्हा, आणि डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामीने अंदमान-निकोबारची दळणवळणाची साधने उद्ध्वस्त केली तेव्हा, संदेशवहनाचा भार ज्यांनी उचलला त्यांत हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली, मंडळी होती. त्या दिवसांत पोर्ट ब्लेअरमध्ये केंद्र चालवीत असलेल्या भारती प्रसाद यांचे कार्य तर सर्वश्रुत आहे. अशा प्रसंगी जो सेट गाडीबरोबर आपद्ग्रस्त गावापर्यंत पोहोचू शकतो, त्याचे मोल घरातल्या सेटहून अधिक ठरते. परंतु मला खेदाने असे दिसून आले आहे, की सेट कोणता घ्यावा याचा विचार जे गृहस्थ महिनोन्महिने करतात, तेच तो गाडीत कोठे व कशाच्या आधारावर बसवावा याचा निकाल सामान घरी आल्या दिवशीच, दुहेरी चिकटपट्टीचे एक रीळ हाती घेऊन, लावून टाकतात. या हयगयीचा परिणाम काय होऊ शकतो हे मी मागच्या आसनावर बसून पाहिले आहे.

श्रावणातली गोष्ट. भोरहून वरंध घाटाने आम्ही महाडकडे उतरत होतो. गाडी आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांची; चालवीत तेच होते, शेजारी त्यांचा पुतण्या, मागे मी. सेट डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला, चालविणाऱ्याच्या डाव्या गुडघ्यापाशी, चिकटपट्टी आणि वेल्क्रो यांच्या आधाराने लटकविलेला होता. सबंध उन्हाळा त्याने तसाच काढल्यामुळे त्या बैठकीवर सर्वांचा इतबार बसला होता. एका वळणाअलीकडे चाक खड्ड्यात आदळले, आणि सेट निसटला. "काका, सेट पडला!" पुतण्या ओरडला. इतक्यात वळणापलीकडून एस.टी. आली, काकांनी ब्रेकवर पाय दिला, वेग किंचित मंदावला, आणि त्याच झटक्यासरशी पुढे सरकलेला सेट ब्रेकच्या पेडलखाली जाऊन अडकला. "ब्रेक खाली जात नाही रे," एवढेच ते म्हणाले. त्यांचे प्रसंगावधान असे, की त्यांनी तत्क्षणी खालचा गिअर टाकला, हातब्रेक बेताबेताने ओढला, आणि गाडी डोंगराच्या अंगच्या गटारात घालून थांबविली. कोणाला इजा झाली नाही. मी वाकून सेट बाहेर काढला, तेव्हा त्याच्या पत्र्याच्या कडेवर पेडलच्या रबराचे काळे पट्टे उमटले होते. आणि डॅशबोर्डच्या खाली बोट लावले, तो उन्हाळ्यात मऊ पडलेला गोंद पाकासारखा तार धरून बोटाबरोबर आला.

त्या दिवसापासून मी एक विचारपद्धती पत्करली, आणि माझ्याकडे जो कोणी सल्ला मागावयास येतो त्याला तीच सांगतो. सेट हाताला सोयीचा कोठे पडेल, हा प्रश्न मागाहून विचारावा; गाडी आदळण्याच्या क्षणी हा सेट कोठे जाईल आणि त्याच्या वाटेत कोणाचे शरीर येईल, हा प्रश्न आधी विचारावा. याचे गणित अवघड नाही. दोन मीटरच्या तरंगपट्ट्यावर चालणारा ५० वॅटचा सेट साधारण १.२ किलो वजनाचा धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाच्या गाडीत सुटलेला तो सेट, सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडणाऱ्या सेटइतक्याच जोराने समोरच्या वस्तूवर आदळतो. आणि तीच गाडी एखाद्या झाडावर आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर सेट धरून ठेवणाऱ्या आधारावर त्याच्या वजनाच्या सरासरी २८ पट, म्हणजे जवळजवळ ३४ किलोचा ओढा पडतो. हा ओढा चिकटपट्टी, व्हॅक्यूमची चकती किंवा पेल्याच्या खळग्यात अडकविलेला आधार सोसू शकेल काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. शिवाय उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकतो. विदर्भ-मराठवाड्यातील मंडळींनी तर गोंदाच्या भरवशावर काहीही वजनदार ठेवू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

दुसरा विचार एअरबॅगचा. आपल्याकडे चालकापुढील एअरबॅग १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत सक्तीची झाली, आणि शेजारच्या आसनापुढील एअरबॅगची सक्तीही त्यानंतर आली. ही पिशवी धडकेनंतर डोळ्याची पापणी लवण्यापूर्वीच फुगून पूर्ण होते, आणि तिच्या वाटेत जी वस्तू असेल ती माणसाच्या तोंडावर फेकली जाते. म्हणून डॅशबोर्डचा वरचा भाग, शेजारच्या आसनासमोरचे झाकण, आणि जेथे पडद्यासारख्या एअरबॅग आहेत तेथे दारावरची छताची कडा, या जागा सेटलाच नव्हे, तर माईक अडकविण्याच्या आकड्यालाही वर्ज्य समजाव्यात. आसनाच्या पाठीच्या कडेलाही एअरबॅग असू शकते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत हा सर्व तपशील चित्रांसह दिलेला असतो, आणि ते पान पाहिल्याशिवाय पाना-पेचकस हाती घेऊ नये.

मग सेट ठेवावा कोठे? माझे मत आता निश्चित आहे: सेटचे जड अंग आसनाखाली किंवा डिकीत पक्के बांधावे, आणि समोर केवळ त्याचे मुख ठेवावे. यासू, आयकॉम, केनवूड यांच्या अनेक सेटचे मुख, म्हणजे बटणे व पडदा असलेला भाग, सुटा करता येतो व तारेने जोडता येतो; सेट घेतानाच ही सोय आहे की नाही हे पाहावे, कारण त्या एका गुणावर पुढची अर्धी जोखीम टळते. मुख हलके असते. ते डॅशबोर्डच्या मधल्या भागात, एअरबॅगच्या वाटेबाहेर, स्क्रूने धरलेल्या लहानशा पट्टीवर शोभून राहते.

आसनाखालची जागा मला सर्वांत पसंत आहे. मात्र तिलाही तिच्या अटी आहेत. आसन मागेपुढे सरकते, तेव्हा त्याच्या रुळाखाली तार चिरडली जाऊ नये म्हणून ते पूर्ण पुढे व पूर्ण मागे नेऊन पाहावे. आसनाखालून एअरबॅगच्या व सुरक्षापट्ट्याच्या सूचकाच्या तारा गेलेल्या असतात, त्यांना बहुधा पिवळे वेष्टण असते. त्यांना स्पर्श करू नये, आणि आपली तार त्यांना बांधू नये. काहीजण आसनाच्या पुढच्या बोल्टखाली लोखंडी पट्टी अडकवून तिच्यावर सेट बसवितात. पद्धत चांगली आहे, परंतु तो बोल्ट माणसाला धरून ठेवणारा बोल्ट आहे, हे विसरता कामा नये: पट्टी जाड पत्र्याची व सपाट असावी, आणि बोल्ट पुन्हा आवळताना कंपनीने मुकर्रर केलेल्या जोराने, टॉर्कच्या पान्यानेच, आवळून घ्यावा. हे काम कारखान्यातल्या जाणत्या मिस्त्रीकडून करविण्यात कमीपणा नाही. सुरक्षापट्ट्याच्या बोल्टला मात्र कोणत्याही सबबीवर हात लावू नये.

तळाला भोक पाडून सेट बसविण्याची तजवीज करणाऱ्यांना मी नेहमी थांबवितो. पत्र्याखालून इंधनाची व ब्रेकची नळी जात असते, आणि विजेवर चालणाऱ्या गाडीत तर नारिंगी वेष्टणाच्या उच्च दाबाच्या तारा जातात. ड्रिलच्या टोकाला हे दिसत नाही. भोक पाडणे अटळच असेल, तर गाडी लिफ्टवर चढवून, खालची बाजू डोळ्यांनी पाहून, मग पाडावे, आणि साध्या स्क्रूऐवजी आरपार बोल्ट, मोठा वायसर व आपोआप न सुटणारा नट वापरावा. डिकीत सी.एन.जी.ची टाकी असेल, तर टाकीच्या बंदांना अथवा तिच्या आसपासच्या पत्र्याला सेट जोडण्याचा विचारही करू नये.

विजेसंबंधी थोडक्यात सांगतो. ५० वॅटचा सेट पूर्ण शक्तीने बोलताना सुमारे १० ते १२ अँपिअर प्रवाह ओढतो, आणि सिगरेट-लायटरचे सॉकेट त्यासाठी केलेले नसते. जाड तार थेट बॅटरीपासून आणावी, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असावा, आणि इंजिनाच्या भिंतीतून तार आत घेताना भोकाला रबरी ग्रोमेट बसवावे. पत्र्याच्या धारेवर घासून वेष्टण फाटले, तर गाडी पेटण्याचे कारण तेथेच निर्माण होते.

आता हाताळण्याचा प्रश्न. परदेशी पुस्तकांतील चित्रे बहुधा डाव्या सुकाणूच्या गाडीची असतात. आपल्या गाडीत चालकाच्या डाव्या हाताला गिअरही आहे आणि माईकही त्याच बाजूस येतो. माईकची कुंडलाकार तार गिअरच्या दांड्यात किंवा हातब्रेकमध्ये गुंतू शकते. यास्तव माईकचा आकडा शेजारच्या आसनाकडे, खाली, लावावा, आणि गाडी चालत असता बोलण्याचे काम शेजाऱ्याकडे सोपवावे. एकटे असलात तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबून बोलावे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने, चालविताना हाती धरलेल्या संपर्कसाधनाच्या वापराची गणना धोकादायक वाहनचालनात केली आहे, हेही ध्यानात असावे. परवान्यातील अटी वाचून घ्याव्यात, आणि परवान्याची प्रत गाडीतच ठेवावी. अपरिचित पेटी व अँटेना पाहून नाक्यावरचा अंमलदार विचारणा करतो, आणि ते त्याचे कर्तव्यच आहे.

बैठक एकदा पक्की केली म्हणजे काम संपले असे नाही. आपल्या रस्त्यांवर नट सैल होतात. पहिल्या लांबच्या प्रवासानंतर ते एकदा आवळावेत, आणि पुढे पावसाळ्यापूर्वी व सर्व्हिसिंगच्या वेळी तपासावेत. तपासणीची माझी रीत साधी आहे: दोन्ही हातांनी सेट धरून, अंगातल्या सर्व जोराने, पुढे, मागे आणि वर असा ओढून पाहावा. एखादी जरी हालचाल जाणवली, तरी त्या दिवशी सेट सोडवून घरी ठेवावा आणि मगच गाडी बाहेर काढावी.