गुण गुळणीचा की दिवसांचा?

लातूर-नांदेडकडच्या काळ्या रानात थंडीत हरभरा डोलतो. त्याच्या पाल्यावर आंब धरते. कोवळा पाला तोंडात टाकला की दात आंबतात. हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. थोड्या वेळाने दात आपोआप ठीक होतात.

पण काहींचे दात तसे ठीक होत नाहीत. गार पाण्याचा घोट घेतला, की दातातून सणकन कळ जाते. चिंच, लिंबू लागले की डोळ्यांत पाणी येते. मग माणूस औषध शोधू लागतो.

अशीच एक गोष्ट आपण मनाशी धरू. एका घरातल्या सुनेचे दात सणकत होते. तिने आठवडी बाजारातून गुळणीच्या औषधाची बाटली आणली. एका दिवसाची मजुरी त्यात गेली. पंधरा दिवसांनी सासूने विचारले,

"आता कसं हाय गं?"

"लई बरं हाय, आत्याबाई. गार पाणी पिता येतंय."

"मग बाटलीचाच गुण म्हणायचा!"

तेवढ्यात थोरली जाऊ म्हणाली, "माझेबी दात सणकत होते की. म्या तर नुसत्या कोमट पाण्यानं चुळा भरल्या. मलाबी बरं वाटलं. मग माझा गुण कशाचा?"

सासू गप्प झाली. थोरलीचा प्रश्न रास्त होता. आज आपण त्याच प्रश्नाचा विचार करू.

दात का सणकतो?

दाताला वरून पांढरे कवच असते. आपल्या शरीरात याहून टणक दुसरे काही नाही. कवचाच्या आत पिवळसर थर असतो. त्या थरात हजारो बारीक नळ्या असतात. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. नळ्यांत पाण्यासारखा द्रव असतो. अगदी आत दाताचा गाभा असतो. त्या गाभ्यात नस असते.

कवच झिजले किंवा हिरडी मागे सरली, की या नळ्यांची तोंडे उघडी पडतात. मग गार पाणी लागताच आतला द्रव हलतो. नसेला धक्का बसतो. तीच ती कळ.

कवच कशाने झिजते? कोळसा किंवा विटकरीची भुकटी यांनी दात घासल्याने झिजते. ब्रश आडवा धरून जोराने घासल्याने झिजते. वरचेवर आंबट खाल्ल्यानेही झिजते. झिजलेले कवच पुन्हा उगवत नाही. केस वाढतात, नखे वाढतात, पण दाताचे कवच वाढत नाही.

गुळणीची औषधे काय करतात?

ही औषधे मुख्यतः दोन तऱ्हांची असतात. काही औषधे उघड्या नळ्यांची तोंडे बुजवतात. फ्लोराइडची औषधे या तऱ्हेची. काही औषधे नसेला शांत करतात. त्यांत पोटॅशियम नायट्रेट नावाचा क्षार असतो. यालाच आपण सोरा म्हणतो. शोभेच्या दारूत पडतो तोच हा सोरा. पण औषधात तो शुद्ध करून, अगदी थोडा, मोजून घातलेला असतो. म्हणून घरी सोरा आणून कोणी गुळणी करू नये.

असल्या औषधाचा गुण एका दिवसात कळत नाही. काही आठवडे जावे लागतात. आणि इथेच फसगत होते. कारण तेवढ्या दिवसांत औषधावाचूनही बरे वाटू शकते.

ते कसे? त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण. दुखणे चढते आणि उतरते. आपण बाटली आणतो ती दुखणे फार चढल्यावर. त्यानंतर बहुधा उतार पडणारच असतो. नेमकी त्याच वेळी बाटली घरात आलेली असते.

दुसरे कारण. औषध घेतले या विश्वासानेच कळ कमी वाटते. हे ढोंग नव्हे. माणसाला खरोखरच बरे वाटते. पण तो गुण बाटलीतल्या औषधाचा नव्हे.

तिसरे कारण. दात दुखू लागला की माणूस सावध होतो. तो कोळसा सोडतो, आंबट कमी करतो, रोज चुळा भरतो. तोंड स्वच्छ राहते. आपली लाळही उघड्या नळ्या हळूहळू बुजवीत असते.

मग औषधाचा खरा गुण कसा ओळखायचा?

शेतकऱ्याला ही युक्ती नवी नाही. नवे बियाणे चांगले की जुने, हे आपण कसे पाहतो? एकाच रानात अर्ध्यात नवे पेरतो, अर्ध्यात जुने. जमीन तीच, पाऊस तोच, खत तेच. नवे पेरले मळ्यात आणि जुने पेरले माळावर, तर त्या पारखीला काही अर्थ राहत नाही.

गुळणीच्या औषधाची पारख अशीच करतात. तिला चाचणी म्हणतात. दातांच्या दवाखान्यांत आणि दंत महाविद्यालयांत अशा चाचण्या होतात. लातूरला आणि नांदेडलाही दंत महाविद्यालये आहेत.

चाचणीची रीत अशी. ज्यांचे दात सणकतात अशी माणसे निवडतात. कोणाचा दात किडलेला असेल, तर त्याला आधी त्यावर उपचार देतात. मग चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडतात. एका गटाला औषधाची गुळणी देतात. दुसऱ्या गटाला त्याच रंगाची, त्याच चवीची गुळणी देतात, पण तिच्यात ते औषध नसते. बाटलीवर नाव नसते, नुसता आकडा असतो. कोणाला काय मिळाले हे रोग्याला ठाऊक नसते. दात तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नसते.

दातावर गार हवेचा बारीक झोत सोडतात. "कळ किती आली? ० ते १० मध्ये सांगा," असे विचारतात. कळ नाही तर ०. सोसवेना तर १०. हा आकडा सुरुवातीला लिहून घेतात. काही आठवड्यांनी पुन्हा लिहून घेतात. शेवटी आकड्यांचा भेद उघडतात.

समजा, औषधाच्या गटाचा आकडा ७ वरून ३ वर आला. बिनऔषधाच्या गटाचा ७ वरून ५ वर आला. मग औषधाचा गुण किती? ४ म्हणाल तर चुकाल. २ तर औषधावाचूनच उतरले होते. म्हणून औषधाचा गुण २. आणि दोन्ही गट ५ वरच आले, तर? तर बाटलीत पाणी भरले काय आणि औषध भरले काय, सारखेच!

सून खरे बोलत होती, आणि थोरलीही खरेच बोलत होती. पण एकीच्या सांगण्यावरून बाटलीची पारख होत नाही. दोघींच्या सांगण्यावरूनही होत नाही. पुष्कळ माणसे लागतात.

जहाजावरची चाचणी

ही रीत जुनी आहे. १७४७ साली इंग्लंडच्या एका लढाऊ जहाजावर खलाशी आजारी पडले. त्यांच्या हिरड्या सडू लागल्या, अंगातले बळ गेले. जहाजावर जेम्स लिंड नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १२ आजारी खलाशी निवडले आणि त्यांच्या ६ जोड्या केल्या. सर्वांचे रोजचे जेवण एकच ठेवले. पण प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. एका जोडीला पाणी घातलेले तेजाब पाजले आणि त्याच्याच गुळण्या करायला लावल्या. एका जोडीला संत्री व लिंबे दिली.

गुळण्या करणाऱ्यांची तोंडे स्वच्छ दिसू लागली. पण रोग हटला नाही. संत्री-लिंबे खाणारे मात्र थोड्याच दिवसांत उठून कामाला लागले. तोंड स्वच्छ दिसणे वेगळे आणि रोग बरा होणे वेगळे, हे तेव्हा कळले. तरीही त्या आरमाराने खलाशांना लिंबाचा रस द्यायचे ठरवायला १७९५ साल उजाडले. मधल्या काळात किती जीव गेले असतील!

सही करण्यापूर्वी वाचा

उद्या एखाद्या दवाखान्यात तुम्हांला कोणी विचारील, "चाचणीत भाग घेता का?" भिण्याचे कारण नाही. पण आपले हक्क ठाऊक हवेत. संमतीचा कागद तुम्हांला समजणाऱ्या भाषेत असला पाहिजे. त्याची एक प्रत तुम्हांला मिळाली पाहिजे. नाही म्हटले, किंवा मधेच सोडले, तरी तुमचे नेहमीचे उपचार थांबता कामा नयेत. ज्याला वाचता येत नाही, त्याला तो कागद त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवावा लागतो. आपल्या देशात १५ जून २००९ पासून अशा चाचण्यांची सरकारी नोंदवहीत आधी नोंद करावी लागते.

काल आपण अंगठा उठवीत होतो. आज आपल्याला वाचता येते. मग वाचल्यावाचून सही का करायची?

आपण काय करावे?

कोळसा आणि विटकर सोडावी. मऊ ब्रशने, हलक्या हाताने दात घासावेत. आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, लगेच दात घासू नयेत. मशेरी लावल्याने बरे वाटते, असे काही बायाबापडे म्हणतात. पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. घटकाभर बरे वाटते म्हणून ती औषध ठरत नाही.

रात्री दात ठणकत असेल, गाल सुजला असेल किंवा दातात खड्डा पडला असेल, तर गुळणीवर दिवस काढू नयेत. दातांच्या डॉक्टरांकडे जावे. वेळेवर गेले तर दात वाचतो.

आणि बाजारात कोणी बाटली पुढे करून "शंभर जणांना गुण आला" म्हणाला, तर थोरल्या जावेसारखे विचारावे, "ज्यांनी नुसत्या पाण्यानं चुळा भरल्या, त्यांना किती गुण आला?"

प्रश्न

१. गार पाण्याने दातात कळ का येते?
२. औषधावाचून बरे वाटण्याची तीन कारणे सांगा.
३. एका गटाचा आकडा ८ वरून ४ वर आला. बिनऔषधाच्या गटाचा ८ वरून ५ वर आला. औषधाचा गुण किती?
४. तुमच्या घरी कोणत्या औषधाला "गुणकारी" म्हणतात? त्याची पारख कशी झाली, हे घरच्यांना विचारा आणि चार ओळी लिहा.