भट्टीपाशी बसल्यावर

१. अतिवाहक म्हटलं की मला आधी तापमानाचाच आकडा आठवायचा. वायबीसीओ, म्हणजे यिट्रियम-बेरियम-तांबे-ऑक्साइड, ९२ केल्विनच्या आसपास वीजरोध सोडून देतो. ७७ केल्विनच्या द्रव नायट्रोजनमध्ये काम भागतं, यातच मी खूश. पण पूड दाबून भाजलेली साधी गोळी जरा जास्त प्रवाह मागितला की हात वर करते. तिच्यातले कण वाटेल त्या दिशांना तोंड करून बसलेले असतात. १९८८ साली आयबीएममध्ये डिमॉस, चौधरी आणि मानहार्ट यांनी दाखवलं की शेजारच्या कणांमधला कोन वाढला, की सीमा ओलांडणारा प्रवाह झपाट्याने घसरतो. आकडा तोच, माल निराळा!

२. सगळे कण एकाच दिशेला वळवायचे, तर मग आली सबुरी. त्याच पुडीची वडी १००० अंश सेल्सिअसच्या वर अर्धवट वितळवायची, माथ्यावर सॅमेरियमवाल्या भावंडाचं बीज ठेवायचं (ते जरा उशिरा वितळतं) आणि तासाला अर्ध्या अंशाच्या चालीने थंड करत जायचं. बिजाचीच दिशा धरून सगळी वडी एका स्फटिकासारखी वाढते. त्या काळात मी देवाच्या दिव्यापेक्षा यूपीएसच्या दिव्याकडे जास्त भक्तीने पाहिलं.

३. माझा शुद्धतेचा गर्व मात्र हिरव्या कणांनी उतरवला. वितळताना २११ नावाचा हिरवा, अजिबात अतिवाहक नसलेला पदार्थ तयार होतो. तो काढून टाकायचा असेल, असं वाटलं होतं. उलट तो मुद्दाम जास्त घालतात! त्याच्या कणांच्या कडांशी चुंबकी रेषा अडकून राहतात, म्हणून प्रवाह टिकतो. कण बारीक हवेत, त्यासाठी चिमूटभर प्लॅटिनम किंवा सिरियम ऑक्साइड.

४. वाढलेली वडी अतिवाहक व्हायला तिच्यात ऑक्सिजन भरावा लागतो, आणि त्यात ४००-५०० अंशांवर दिवसच्या दिवस जातात. तो शिरताना स्फटिकाची जाळी आकसते आणि वडीला बारीक तडे जातात. त्याच तड्यांतून ऑक्सिजन आत पोचतो, त्यामुळे रागवायचं कुणावर?

५. शेवटी प्रश्न ताकदीचा निघाला, हे मला सर्वांत अनपेक्षित. अडकवलेलं चुंबकी क्षेत्रच वडीला आतून फाडू पाहतं. २००३ साली तोमिता आणि मुराकामी यांनी वडीत राळ मुरवून २९ केल्विनला १७.२४ टेस्ला गाठले. २०१४ साली केंब्रिजच्या गटाने २६ केल्विनला १७.६. अकरा वर्षांत वाढ एवढीशीच, आणि तीही पोलादी कड्याच्या जोरावर. तापवलेलं कडं वडीवर चढवायचं, निवताना ते तिला आवळतं. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवतो, अगदी तसंच.