पाच प्रश्नचिन्हांचं पुस्तक

तालुक्याच्या एका सार्वजनिक वाचनालयात ‘कोसला’ शोधलं की ‘ययाति’ही येत होतं. म्हणजे पडद्यावर दोन्ही नावं ‘?????’ अशीच दिसत होती. कोणतं कुठलं हे दाखल अंकावरून, म्हणजे पुस्तकाच्या नोंदणी क्रमांकावरून, ओळखायचं. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “सर, फॉन्ट गेलाय. नवा टाकून द्या, बाकी सगळं चालतंय.” मी ओळखीखातर बघायला गेलो होतो. प्रकरण फॉन्टचं नव्हतं आणि ‘चालतंय’ हाच त्यातला सगळ्यात घातक भाग होता.

ग्रंथसूची मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या फाइलीत होती आणि पडद्यावरचा प्रोग्राम जावात लिहिलेला. दोघांना जोडायला जावासोबत येणारा जेडीबीसी-ओडीबीसी ब्रिज वापरला होता. तो प्रयोगापुरता किंवा दुसरा मार्गच नसेल तेव्हा वापरावा, असं जावाच्या कागदपत्रांतच लिहिलेलं होतं. पण फुकटात आणि हाताशी असलेली वस्तू कोण सोडतो? जावा स्वतः युनिकोडवाली, अ‍ॅक्सेस २००० पासून युनिकोडवालं, मधला ब्रिज मात्र जुन्या आठ-बिटी कोडपेजमधून, म्हणजे मोजक्याच अक्षरांच्या तक्त्यातून, अक्षरं नेणारा. कोडपेजमध्ये न सापडलेलं अक्षर तो ‘?’ करून पुढे पाठवतो आणि चुकीबद्दल एक शब्दही उच्चारत नाही. ग्रीक, रशियन, थाई यांना विंडोजमध्ये अशी कोडपेज आहेत. देवनागरीला नाहीच. त्यामुळे कंट्रोल पॅनेलमधली भाषा बदलून काही साधत नाही.

मग आधी इतकी वर्षं कसं चाललं? आधी नोंदी जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टात होत्या. तिथे ‘क’ दिसतो, पण आत साठतं एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह, आणि ते ब्रिजवरून सुखरूप जातं. कुणीतरी सगळ्या नोंदी युनिकोडात आणल्या (काम चांगलं होतं, आणि अ‍ॅक्सेस उघडून केल्यामुळे बिनचूकही झालं) आणि तिथून हे सुरू झालं.

खरं नुकसान झालं ते पुढे. पुस्तकाचं कपाट बदललं की लिपिक दाखल अंक टाकून नोंद उघडणार, कपाट क्रमांक बदलणार, ‘सेव्ह’ दाबणार. प्रोग्राम मात्र बदललेला एकच रकाना न लिहिता सगळी नोंद परत लिहायचा. पडद्यावर आलेली प्रश्नचिन्हं अशी फाइलीत जाऊन बसली. ‘कोसला’त क, ओकार, स, ल, काना मिळून पाच चिन्हं आणि ‘ययाति’तही पाचच. शोधताना टाइप केलेलं नावसुद्धा वाटेत ‘?????’ झालं आणि फाइलीतल्या पाच प्रश्नचिन्हांशी बरोबर जुळलं. शोध ‘यशस्वी’!

तुमच्याकडे असं काही दिसलं तर आधी सगळ्यांना ‘सेव्ह’पासून दूर करा आणि अ‍ॅक्सेसच्या (एमडीबी) फाइलीची प्रत काढून ठेवा. मग कळफलकाला हात लावण्याआधी पडदा नीट बघा. मोकळे चौकोन असतील तर बहुधा खरंच फॉन्टचा प्रश्न, माहिती शाबूत. ‘à¤®’ छापाचा गचाळ मजकूर असेल तर ‘म’चे यूटीएफ-८ मधले तीन बाइट वेगळी अक्षरं समजून वाचले गेलेत, ते बहुतेकदा उलटं फिरवून परत मिळतं. प्रश्नचिन्हं असतील तर मूळ फाइल थेट अ‍ॅक्सेसमध्ये उघडा. तिथे मराठी दिसलं तर फक्त वाचताना गडबड झाली. तिथेही ‘?’ असेल तर अ‍ॅस्क-डब्ल्यू हे अक्षराचा युनिकोड क्रमांक सांगणारं फंक्शन लावा: ‘म’ जिवंत असेल तर २३५० येईल, ६३ आलं तर अक्षर गेलं. ६३ वरून मागे जायची वाट नाही, कितीही हुशार माणूस बोलवा.

आम्हाला हात दिला तो कागदी दाखल नोंदवहीने आणि दाखल अंक इंग्रजी आकड्यांत टाकले होते, या योगायोगाने. आकडे देवनागरी असते तर तेही ‘????’ होऊन नोंदी जुळवायला धागाच उरला नसता.

ब्रिजच्या जोडणीत ‘चारसेट’ म्हणून यूटीएफ-८ देण्याची एक युक्ती सांगितली जाते. त्याने आपल्या प्रोग्रामात मराठी दिसतं, पण फाइलीत तोच ‘à¤®’ साठतो. अ‍ॅक्सेसमधून काढलेल्या याद्या वाचता येत नाहीत, आणि २५५ अक्षरांचा रकाना ८५ देवनागरी चिन्हांत भरतो. माझं मत विचाराल तर ही युक्ती आजार लपवणारी आहे. २०१४ च्या जावा ८ मधून ब्रिज काढूनच टाकला. ओडीबीसीला वळसा घालून अ‍ॅक्सेसची फाइल थेट वाचणारा यूकॅनअ‍ॅक्सेस हा जेडीबीसी ड्रायव्हर आहे, आम्ही तोच बसवला.

अ‍ॅक्सेस नसलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मराठी मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी ‘एन’ लिहायचं राहिलं की हीच प्रश्नचिन्हं येतात, रकाना एनव्हारचार असला तरीही. मायएसक्यूएलचा मूळ अक्षरसंच ८.० आवृत्तीच्या आधीपर्यंत लॅटिन१ होता, त्यामुळे जुन्या टेबलांवर काम असेल तर टेबल आणि जोडणी दोन्ही यूटीएफ८एमबी४ आहेत का ते बघा. आणि चाचणीच्या नोंदीत ‘टेस्ट १२३’ रोमन लिपीत टाकण्याऐवजी ‘ज्ञानेश्वरी’ टाका, सेव्ह करा, प्रोग्राम बंद करून डेटाबेसच्याच खिडकीतून वाचा.