मात्रेचे गणित आणि उद्याचा व्यवसाय

औषध आणि विष यांतील अंतर बहुधा मात्रेचे असते. कर्करोगावरील किरणोपचारात हे अंतर फारच सूक्ष्म होते. एका किलोग्रॅम ऊतीने एक ज्यूल ऊर्जा शोषली म्हणजे एक ग्रे मात्रा झाली. गाठीला पुरेशी मात्रा मिळावी, परंतु शेजारच्या मज्जारज्जूला वा फुप्फुसाला सोसवेल त्याहून अधिक मिळू नये, अशी किरणांची दिशा, आकार व प्रमाण आखणे म्हणजे मेडिकल डोसिमेट्री होय. अमेरिकेत यासाठी स्वतंत्र डोसिमेट्रिस्ट असतो. आपल्याकडे हे काम मुख्यतः वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ करतात.

या विद्येचा इतिहास आपल्याच राज्यात घडला आहे. 1941 साली परळला टाटा रुग्णालय उभे राहिले. 1962 मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आले आणि त्याच वर्षी तुर्भ्याच्या अणुकेंद्रात, म्हणजे आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका सुरू झाली.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता अवयवांच्या सीमा काही मिनिटांत रेखाटते व उपचाराचा आराखडाही सुचवते. मग हा व्यवसाय टिकेल काय? यंत्र पूर्वीच्या रुग्णांवरून शिकते. समोरचा रुग्ण त्यांच्यासारखाच असेल, याची हमी नसते. म्हणून आराखडा तपासणारा, प्रत्यक्ष मात्रा मोजणारा आणि जबाबदारीने स्वाक्षरी करणारा मनुष्य लागणारच. केवळ रेखाटन करणाऱ्याचे काम घटेल, कारण जाणणाऱ्याचे वाढेल. खरा प्रश्न निराळा आहे: ज्या साध्या कामांतून नवशिका घडत असे, तीच यंत्राकडे गेली तर त्याची नजर तयार कशी होणार? प्रशिक्षणानेच याचे उत्तर दिले पाहिजे.

शिवाजी महाराज सुरतेच्या वाटेवर शिरपामाळावर थांबले, असे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. जव्हार-मोखाड्याचे रुग्ण आज किरणोपचारासाठी घाट उतरून दूरच्या शहरांत जातात. त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलणारा तज्ज्ञ या पाड्यांतून का घडू नये? भौतिकशास्त्रात बी.एस्सी., एम.एस्सी., त्यानंतर ही पदविका व रुग्णालयातील उमेदवारी, अशी ही वाट आहे. ती लांब आहे, पण बंद नाही. मात्र दहावीनंतर गणिताच्या भीतीने मुलगी विज्ञान सोडते, तेव्हा ती तिथेच संपते. म्हणून पालकांनी मुलीला थांबवू नये आणि माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत एक तरी गणिताचा वर्ग घ्यावा, ही विनंती.